जपमाळ झाली, आता कोणाच्या दारी जायचं? मरियेची भक्ती आणि आपण प्रापंचिक

ताई, तुमच्या प्रश्नात दोन-तीन प्रश्न मिसळलेत, आधी ते सुटे करते. तुम्ही नागपुरातल्या जरीपटक्याकडच्या पॅरिशमधल्या (म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या) सात-आठ बायका आणि दोन कॉलेजची मुलं, रोजरी म्हणजे जपमाळ चुकवत नाही, वेलांकणी माउलीचा म्हणजे मरियेचाच नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) दरवर्षी मनापासून करता, मागच्या हिवाळ्यात ब्लँकेटं वाटली आणि ते तिथेच थांबलं. आता फादर म्हणतात मरियेची भक्ती सेवेत दिसली पाहिजे, आणि तुमचं म्हणणं असं की आम्ही नोकरी-घर सांभाळणारी माणसं, आम्हाला काय जमणार आणि मुळात जपमाळेचा सेवेशी संबंध काय. मी बरीच वर्षं लिजन ऑफ मेरीत, म्हणजे मरियेच्या नावाने चालणाऱ्या प्रापंचिक कॅथलिकांच्या संघटनेत आहे, दवाखान्यात आणि घरोघरी भेटीचं काम करते, त्यातून जे कळलं ते सांगते.

माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, वाटपाने सुरुवात करू नका, भेटीने करा. ठरलेल्या माणसाला, ठरलेल्या वारी, दोघीदोघींनी, मरियेच्या नावाने जाऊन भेटायचं आणि पुढच्या आठवड्यात परत जायचं, बस. ऐकायला एवढंसं वाटतं पण याच्यातच सगळं आहे.

आता संबंध काय ते. जपमाळेत ज्या प्रसंगांवर मनन करतो त्यांना रहस्यं म्हणतात, त्यातल्या आनंदाच्या रहस्यांतलं दुसरं रहस्य आपण किती वेळा म्हणतो, मरियेने अलीशिबेची भेट घेतली. लूकच्या शुभवर्तमानात पहिला अध्याय परत एकदा सावकाश वाचा. देवदूताने मरियेला अलीशिबेकडे जा असं कुठेच सांगितलेलं नाही. त्याने फक्त बातमी दिली की तुझ्या नात्यातली अलीशिबा म्हातारपणी गरोदर आहे, सहावा महिना चालू आहे. आज्ञा नाही, विनंती नाही, नुसती बातमी, आणि ही मुलगी लगेच उठून घाईने डोंगराळ प्रदेशात निघाली, नासरेथहून यहूदियापर्यंत म्हणजे शंभरावर किलोमीटर, तेही स्वतः त्या अवस्थेत असताना, आणि तीन महिने राहिली. मला यात भक्ती आणि सेवा अशा दोन वेगळ्या गोष्टी दिसतच नाहीत. ज्याला तिने पोटात धरलं त्यालाच घेऊन ती दुसऱ्याच्या घरात गेली, आपण कम्युनियन (मिस्सात मिळणारा ख्रिस्तप्रसाद) घेऊन चर्चच्या पायऱ्या उतरतो तेव्हा आपलीही तीच स्थिती असते, फक्त आपण घरी जाऊन स्वयंपाकाला लागतो.

काना गावच्या लग्नातही तेच. ती पाहुणी होती, जेवण बघणं तिचं काम नव्हतं, पण द्राक्षारस संपलाय हे यजमानाची फजिती व्हायच्या आत तिच्या लक्षात आलं. तिने येशूला सांगितलं, नोकरांना सांगितलं 'तो तुम्हांला जे काही सांगेल ते करा', आणि बाजूला झाली. तिथे उपदेश नाही की मी केलं म्हणून सांगणं नाही. लक्ष जाणं, सांगणं, आणि बाजूला होणं, आपल्या कामाच्या या तीनही गोष्टी तिथून घ्यायच्या.

आपल्या नागपूरचं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स, त्यांनी १६१० साली संत जेन द शांताल यांच्यासोबत अ‍ॅनसी गावात जो धर्मभगिनींचा संघ काढला त्याला नाव याच भेटीचं दिलं, व्हिजिटेशन. सुरुवातीला त्या भगिनी गावातल्या आजाऱ्यांच्या घरी जायच्या. पण त्या काळी भगिनींनी असं बाहेर फिरणं मान्य नव्हतं, लियाँच्या आर्चबिशपांचा आग्रह झाला, आणि काही वर्षांतच संघ मठाच्या भिंतीआड गेला. भेटीचं ते काम पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईस द मारियाक यांच्या भगिनींनी १६३३ पासून उचललं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या काळात धर्मभगिनींनाही दाराबाहेर पडायची मुभा नव्हती तिथून आज तुम्ही-आम्ही ऑटो करून वॉर्डात जाऊ शकतो, ही मोकळीक वापरली नाही तर ती कोणासाठी आहे?

आणि 'आम्ही प्रापंचिक, आम्हाला काय अधिकार' हा जो संकोच आहे ना, त्यावर संत व्हिन्सेंट पॅलोटींचं उत्तर आहे. वर्धा रोडवरच्या इंजिनीअरिंग कॉलेजमुळे नागपुरात त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, माणूस कमी लोकांना माहीत आहे. १८३५ साली रोममध्ये त्यांनी धर्मगुरू, सिस्टर आणि संसारी माणसं यांना एकत्र आणून संघ उभा केला, तेव्हा प्रेषितकार्य (ख्रिस्ताचं काम लोकांपर्यंत नेणं) म्हणजे फादर लोकांचं काम असंच सगळे धरून चालायचे. दोन वर्षांनी रोममध्ये कॉलरा आला तेव्हा हीच माणसं मदतीला धावली. या संघाला त्यांनी मरियेला प्रेषितांची राणी म्हणून आश्रयदात्री दिलं आणि कारण अगदी सरळ होतं, तिला याजकपद नव्हतं, प्रचाराला ती देशोदेशी फिरली नाही, तरी प्रेषितांमध्ये ती सगळ्यात वरची. मग संसारी माणसाला कोण अडवणार? पुढे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरच्या दस्तऐवजात हेच म्हटलं, मरिया सगळ्यांसारखं घरकाम आणि घरच्या काळज्या असलेलं आयुष्य जगली आणि ते जगतानाच पुत्राच्या कार्यात सहभागी राहिली. म्हणजे घर सांभाळून करायचं हा तुमचा नाइलाज नाही, तिचीच रीत आहे ती.

आता लिजन. ७ सप्टेंबर १९२१, मरियेच्या जन्माच्या सणाची आदली संध्याकाळ, डब्लिनमधल्या फ्रान्सिस स्ट्रीटवरच्या मायरा हाऊसमध्ये पंधराएक बायका, एक फादर आणि फ्रँक डफ नावाचा सरकारी नोकर असे जमले. बायका बहुतेक तरुण, कामावर जाणाऱ्या. टेबलावर पांढरा कपडा, मरियेची मूर्ती, दोन मेणबत्त्या, दोन फुलदाण्या, गुडघ्यावर बसून जपमाळ, आणि मग प्रश्न एकच, आपण काय करायचं. ठरलं की गरिबांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन रोगी बायकांना भेटायचं, पण कधीतरी जमेल तसं नाही, दर आठवड्याला, जोडीने, आणि पुढच्या मीटिंगला येऊन काय झालं ते सांगायचं. एवढ्याच रचनेवर ते काम जगभर गेलं. पुढच्याच वर्षी त्यांनी वेश्याव्यवसायात अडकलेल्या बायकांसाठी घर काढलं, १९२७ मध्ये बेघर पुरुषांसाठी, १९३० मध्ये बेघर बायका आणि लग्न न झालेल्या आयांसाठी, जिथे आई आणि मूल सोबत राहू शकत होतं, आणि त्या काळच्या आयर्लंडमध्ये ही लहान गोष्ट नव्हती. पण सुरुवात भेटीने झाली हे लक्षात ठेवा. भेटत गेले म्हणून गरज काय आहे ते कळलं, आधी घर बांधून मग माणसं शोधली नाहीत.

लिजनचे दोन नियम तुमच्या कामाला आत्ता लगेच लागू पडतील, तुम्ही लिजनमध्ये या किंवा नका येऊ. पहिला, सदस्याने आठवड्याला निदान दोन तास ठरवून दिलेलं काम करायचं, नेहमी जोडीने. दुसरा, पैसे किंवा वस्तू वाटायच्या नाहीत. हा दुसरा नियम ऐकून नवीन माणूस नाराज होतो, मदत करायची नाही तर जायचं कशाला? पण वस्तू घेऊन गेलं की लोकांचं लक्ष पिशवीकडे जातं आणि आपलंही. ज्याला मिळालं नाही तो रागावतो, ज्याला मिळालं तो दबून बोलतो, आणि आपल्याला वाटतं काम झालं. रिकाम्या हाताने गेलात की बसावं लागतं, ऐकावं लागतं. गरज खरीच पैशाची निघाली तर पॅरिशमधल्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला कळवायचं, त्यांचं कामच ते आहे, डफ स्वतः त्याच सोसायटीत आधी घडले. तुमची ब्लँकेटंही वाया गेली असं मी म्हणत नाही. नागपूरची डिसेंबर-जानेवारीची रात्र उघड्यावर काढणाऱ्याला त्याची किंमत विचारा. पण ती कोणाला दिली त्यांची नावं तुमच्यापैकी कोणाला आठवतात का बघा, तिथून पुढचं काम सुरू होतं.

मग जायचं कोणाकडे? इथे जरा थांबून बोलते कारण बहुतेक गट इथेच अडकतात, कोणीतरी म्हणतं अनाथाश्रम, कोणी म्हणतं वृद्धाश्रम, मग एक दिवस जातात केक घेऊन. माझं म्हणणं, आधी आपली ऑक्टोबरची रोजरी बघा. महिनाभर माउलीची मूर्ती रोज एका घरून दुसऱ्या घरी जाते, यादी लागते, कोणाकडे कधी ते ठरतं, शेवटी चहा-नाश्ता होतो. आता ती यादी घ्या आणि शेजारी पॅरिशच्या सगळ्या घरांची यादी ठेवा. जी घरं रोजरीच्या यादीत कधीच नसतात त्यांच्यावर खूण करा. ही तुमची पहिली यादी.

ती घरं का नसतात? विचारलं की लोक म्हणतात 'त्यांना इंटरेस्ट नाही'. जाऊन बघा, तसं क्वचित असतं. कोणाकडे एकच खोली, वीस माणसं बसवायची कुठे. कोणाला नाश्त्याचा खर्च झेपत नाही पण सांगता येत नाही. कोणाचा नवरा संध्याकाळी पिऊन येतो, सगळ्यांसमोर तमाशा नको म्हणून ती बाई दरवर्षी 'यंदा जमणार नाही' म्हणते. कोणी दुसऱ्या धर्मात लग्न केलंय आणि चर्चमधलं कोणी काय बोलेल याची धास्ती आहे. कोणी छत्तीसगड-झारखंडहून कामाला आलेलं कुटुंब, भाड्याच्या खोलीत राहतं, रविवारी मिस्साला मागे उभं राहून निघून जातं, त्यांना कोणी विचारलंच नाही. आणि रेल्वेतून रिटायर झालेले म्हातारे नवरा-बायको, मुलं पुण्याला बंगलोरला, जिना चढून मूर्ती वर नेणं अवघड म्हणून त्यांचं घर आपोआप गळालं. मरियेची मूर्ती ज्या घरी पोचली नाही तिथे मरियेची माणसं आधी पोचली पाहिजेत. आमच्याकडे एका घरी असंच झालं, तीनदा भेटून आल्यावर ती बाई स्वतःच म्हणाली मूर्ती आणता का, मग आम्ही नाश्ता नाही हे आधीच जाहीर केलं, मूर्ती पत्र्याच्या पेटीवर ठेवली, चौघी आत बसल्या आणि बाकीचे गल्लीत उभे राहिले, शेजारच्या दोन हिंदू बायकांनी बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या आणून दिल्या आणि त्याही थांबल्या. पुढच्या वर्षी तिने यादीत स्वतः नाव दिलं.

दवाखान्याचं काम यानंतरचं, पण नागपुरात राहून ते टाळता येणार नाही. मेडिकल आणि मेयो या इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा कुठून कुठून माणसं येतात. रोग्याला निदान डॉक्टर बघतो, सोबत आलेल्या बाईला कोणी बघत नाही. एकदा अशीच एक बाई, नवरा भरती, हातात प्लास्टिकच्या थैलीत सगळे कागद, कोणता कुठला हे तिला माहीत नाही, दोन दिवस तिने नीट खाल्लं नव्हतं कारण जागा सोडली आणि कोणी नाव पुकारलं तर? माझ्या जोडीदारणीने तिच्या शेजारी खाली बसून एकेक कागद वाचला, औषधाची चिठ्ठी वेगळी, तपासणीची वेगळी, मग तिला महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राकडे नेलं. रेशनकार्ड घरी राहिलं होतं, ते गावाहून येणाऱ्या माणसासोबत मागवायला लावलं. मी तोवर तिच्या नवऱ्यापाशी बसले, तेवढ्या वेळात ती जेवून आली. याला पैसा लागला नाही, वाचता येणं आणि वेळ असणं एवढंच लागलं, जे तुमच्या दोन कॉलेजच्या मुलांकडे भरपूर आहे.

वॉर्डात वागायचं कसं तेही सांगते, हे कोणी शिकवत नाही. भेटीच्या वेळेतच जायचं, ड्यूटीवरच्या नर्सला आधी विचारायचं. पलंगावर बसायचं नाही. खायला काही द्यायचं नाही, कोणाला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असतं, कोणाला साखर असते. बायकांच्या वॉर्डात बायकांनीच जायचं. काय आजार आहे हे आपण विचारायचं नाही, सांगितलं तर ऐकायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरे, आजारी माणूस लवकर थकतो. आणि फोटो अजिबात नाही, ग्रुपवर टाकायलाही नाही.

मिशनचं, म्हणजे धर्मप्रचाराचं म्हणाल तर माझं मत पक्कं आहे. पलंगावर पडलेल्या माणसाच्या हातात पत्रक देणं, बरं व्हायचं असेल तर आमच्या देवाला मान असं सुचवणं, हे मरियेच्या रीतीत बसत नाही. तो माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याच्या अडचणीचा फायदा घेणं आहे ते. कोणी विचारलं तुम्ही कोण, कशाला येता, तर सरळ सांगायचं, आम्ही कॅथलिक, मरियामातेच्या नावाने येतो. लपवायचं नाही. प्रार्थना करू का असं विचारायचं, हो म्हणाले तर दोन ओळी, नाही म्हणाले तर घरी जाऊन जपमाळेत त्यांचं नाव घ्यायचं. अलीशिबेच्या घरी मरियेने नमस्कार केला आणि उरलेलं पवित्र आत्म्याने केलं, अलीशिबा स्वतःहून बोलली. कोणाच्या मनात काय उमलायचं ते आपल्या घाईने उमलत नाही.

आणि अलीशिबेच्या घरी मरियेने म्हटलेलं स्तोत्र विसरू नका. लिजनमध्ये आम्ही ते रोज म्हणतो. 'अधिपतींना राजासनांवरून ओढून काढले आहे व दीनांना उंच केले आहे', हे म्हणणारी मुलगी खाली मान घालून गप्प बसणारी नव्हती, आणि पोप सहावे पॉल यांनी १९७४ च्या मरियाभक्तीवरच्या पत्रात हेच स्पष्ट लिहिलंय. म्हणून एखाद्या घरकाम करणाऱ्या मुलीचा पगार अडवलेला कळला तर 'प्रार्थना करू' म्हणून सोडून यायचं नाही, तिच्यासोबत जाऊन बोलायचं, आणि पगार अडवणारी बाई आपल्याच चर्चच्या पुढच्या बाकावर बसणारी असली तरी बोलायचं. हे सगळ्यात अवघड पडतं, मान्य आहे.

मीटिंग सोडू नका. लोकांना वाटतं काम महत्त्वाचं, मीटिंग कशाला, पण मीटिंग गेली की दोन महिन्यांत काम जातं, असं मी कितीतरी गटांत पाहिलंय. दर आठवड्याला त्याच वारी त्याच वेळी, जपमाळ, थोडं वाचन, मग एकेका जोडीने तोंडी सांगायचं, कुठे गेलो, काय झालं, काय जमलं नाही. दीड तासाच्या वर न्यायची नाही, घरी पोळ्या करायच्या असतात सगळ्यांना. वर्गणीची पिशवी फिरवायची तर अशी की कोणी किती टाकलं ते कळू नये. आणि खोलीत ऐकलेलं खोलीतच. एकदा का कोणाच्या नवऱ्याचं दारू प्रकरण व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं की त्या वस्तीतलं एकही दार परत उघडत नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या सासूबाई अंथरुणाला आहेत किंवा ज्यांची शिफ्ट ड्यूटी आहे त्यांनी कमीपणा वाटून घेऊ नये. लिजनमध्ये सहायक सदस्य असतात, ते मीटिंगला येत नाहीत, घरूनच रोज जपमाळ आणि ठरलेल्या प्रार्थना करतात, आणि जोडी निघायच्या आधी त्यांना नावं सांगितली तर तेही त्या भेटीत असतात. लिजनच्या एडेल क्विन हिला क्षयरोग होता, ज्या मठात जायचं तिने ठरवलं होतं तिथे त्यामुळे जाता आलं नाही, तिला १९३६ मध्ये लिजनने पूर्व आफ्रिकेत पाठवलं आणि ती नैरोबीत १९४४ मध्ये वारली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तोवर त्या सगळ्या भागात तिने गट उभे केले होते. तब्येतीचं कारण मला कोणी सांगितलं की मी तिची गोष्ट सांगते, टोचायला नाही, तर पडल्या पडल्या प्रार्थना करणाऱ्यालाही तिच्यात स्वतःचं काहीतरी दिसतं म्हणून.

सुरुवात कधी करायची विचाराल तर ८ सप्टेंबरच्या वेलांकणी माउलीच्या सणाचा नोव्हेना सोडू नका, ३० ऑगस्टपासून रोज एकत्र येताच आहात. त्या नऊ दिवसांत रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटं यादीला द्या, म्हणजे सणापर्यंत खुणा केलेली घरं हातात येतील. फादरांना आधी भेटा, त्यांना घरं माहीत असतात, कोणाला कम्युनियन घरी न्यायचं तेही तेच सांगतील, आणि लिजनचा गट काढायचा असला तर त्यांची परवानगी लागतेच. जोड्या पाडताना मैत्रिणी-मैत्रिणी नका ठेवू, एक जुनी एक नवी ठेवा. मुलांची जोडी त्या रेल्वेवाल्या म्हाताऱ्यांकडे पाठवा, जिना चढायला त्यांना काही वाटणार नाही, आणि पहिल्या भेटीला जाताना फोन करून जा, दुपारी एक ते चार नको, आपल्या इकडे सप्टेंबरातही त्या वेळी म्हातारी माणसं कूलर लावून झोपलेली असतात.